पाय चार्टचा एक तुकडा फोडून शेजारी बार कसा काढायचा? (पायथन, मॅटप्लॉटलिब)

निमकी

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या वाचनालयात २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, भिंतीवर एक मोठा तक्ता लावायचं ठरलंय. भारतात कोणती भाषा किती जणांची मातृभाषा आहे, २०११ च्या जनगणनेप्रमाणे. मी हौसेने "मी करते" म्हणून बसले आणि आता पस्तावतेय.

डोक्यातलं चित्र असं. डावीकडे पाय चार्ट, म्हणजे तुकड्यांत वाटलेला गोल. त्यात हिंदी, बंगाली, मराठी, तेलुगू, तमिळ आणि उरलेल्या सगळ्या मिळून इतर. हिंदीचा तुकडा जरा बाहेर सरकवलेला, त्याच्या दोन टोकांपासून दोन रेघा निघून उजवीकडच्या उभ्या बारला टेकलेल्या. बारमध्ये हिंदीच्या पोटात काय काय आहे ते. जनगणनेत हिंदी या शीर्षकाखाली भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी, मगही अशा पन्नासहून जास्त मातृभाषा एकत्र धरल्या आहेत, हे आमच्याकडे फारसं कुणाला माहीत नाही.

आकडे कोटीत: हिंदी ५२.८३, बंगाली ९.७२, मराठी ८.३०, तेलुगू ८.११, तमिळ ६.९०, इतर ३५.२३. एकूण १२१.०९.
हिंदीच्या पोटात: हिंदी म्हणूनच नोंदवलेले ३२.२२, भोजपुरी ५.०६, राजस्थानी २.५८, छत्तीसगढी १.६२, मगही १.२७, बाकीच्या १०.०८.

मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढायच्या लायब्ररीच्या गॅलरीत 'बार ऑफ पाय' असं तयार उदाहरण आहे, तेच उचललं आणि माझे आकडे भरले. त्यात स्टार्टअँगलला (पहिला तुकडा जिथून सुरू होतो तो कोन) उणे १८० असं काहीतरी होतं, ते कशाला हे न कळल्याने मी काढून टाकलं. आता:

वरची रेघ हिंदीच्या तुकड्यावरूनच आडवी जाते. बार अर्धवट बनतो आणि 'अल्फा शून्य ते एकच्या बाहेर' म्हणून प्रोग्राम आपटतो. आणि सगळ्या मराठी नावांच्या जागी रिकामे चौकोन.

इस्कटून सांगा. मी व्यवसायाने हिशेबनीस आहे, पायथन यूट्यूबवर शिकलेय.

बे_एक_बे

निमकीताई, तुम्ही नेमकी तीच ओळ काढलीत जिच्यावर सगळा डोलारा उभा आहे.

मॅटप्लॉटलिब पहिला तुकडा घड्याळातल्या तीनच्या जागेपासून काढायला घेतं आणि काट्याच्या उलट दिशेने जातं. हिंदी ४३.६३ टक्के, म्हणजे १५७ अंश. स्टार्टअँगल नसेल तर हा तुकडा शून्यापासून १५७ पर्यंत पसरतो. म्हणजे त्याचं दुसरं टोक पार डाव्या बाजूला. तिथून उजवीकडच्या बारकडे रेघ ओढली की ती तुकड्यावरून जाणारच, दुसरा रस्ताच नाही.

आपल्याला तुकड्याचा मध्य बरोबर तीनच्या जागेवर, बारच्या समोर हवाय. त्यासाठी पाय अर्ध्या तुकड्याइतका उलटा फिरवायचा. पूर्ण वर्तुळ ३६०, त्याचं अर्धं १८०, म्हणून:

कोन = -१८० * हिस्से[०]

हिस्से[०] म्हणजे यादीतल्या पहिल्या तुकड्याचा वाटा, ०.४३६३. तुमच्यासाठी उणे ७८.५ अंश. तुकडा उणे ७८.५ ते अधिक ७८.५ असा बसेल, वरखाली सारखा. रेघा बाहेरून जातील.

ही ओळ फक्त यादीतल्या पहिल्या तुकड्याला चालते. मधला फोडायचा असेल तर त्याच्या आधीच्या सगळ्यांची बेरीज, अधिक त्याचं अर्धं, गुणिले उणे ३६०. उदा. मराठी तिसरी: ४३.६३ + ८.०३ + ३.४३ = ५५.०९ टक्के, म्हणून उणे १९८.३ अंश.

आता अल्फा, म्हणजे रंगाचा गडदपणा. गॅलरीतल्या उदाहरणात बारचे चार थर आहेत आणि प्रत्येक थराला ०.१ + ०.२५ * जे इतका गडदपणा दिलाय. 'जे' हा थराचा क्रमांक, शून्य ते तीन, म्हणून ०.८५ वर थांबतं. तुमचे थर सहा. पाचव्याला १.१ होतं आणि अल्फा एकच्या वर चालत नाही. ते असं करा:

अल्फा = ०.१५ + ०.८५ * जे / थरांची संख्या

म्हणजे थर कितीही आले तरी एकच्या आत. खरं तर ती चूक तुमची नाहीच, उदाहरणात तो आकडा हाताने बसवलाय.

चौकोनांचं आपल्या रेघोट्याताई सांगतील, तो त्यांचा प्रांत.

टिनपाट

बेएकबे सर, एक बावळट प्रश्न. 'कोन', 'हिस्से' ही नावं तुम्ही आम्हाला समजावं म्हणून लिहिलीत की खरंच चालतात?

बे_एक_बे

चालतात! पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत देता येतं. मी घरच्या प्रोग्राममध्ये सर्रास देतो.

टिनपाट

मी तुमची ओळ जशीच्या तशी चिकटवली. 'इनव्हॅलिड कॅरॅक्टर'. पोपट झाला.

बे_एक_बे

नाव देवनागरीत चालतं, आकडा नाही चालत. कोडमध्ये १८० हे इंग्रजी अंकांत टाइप करायचं. गंमत म्हणजे अवतरणात "४३" लिहून त्याला इंट (पूर्णांक करणारं फंक्शन) लावलं तर पायथन मुकाट्याने त्रेचाळीस करून देतं. नुसतं लिहिलं की नाक मुरडतं.

रेघोट्या

आले, आले.

चौकोन का येतात: मॅटप्लॉटलिबचा ठरलेला फॉन्ट डेजाव्हू सान्स, त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. आरसीपॅराम्समध्ये (मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्जमध्ये) फॉन्ट फॅमिलीला 'नोटो सान्स देवनागरी' द्या. विंडोज असेल तर 'निर्मला यूआय' आधीपासून असतो. चौकोन जातील.

पण ताई, खरं दुखणं त्यानंतर सुरू होतं. फॉन्ट बदला, चित्र काढा आणि "हिंदी" हा शब्द नीट बघून इथे सांगा.

निमकी

रेघ बाहेरून गेली!! अल्फाही गप्प. बेएकबे दादा, तुम्हाला एक वाटी श्रीखंड लागू.

पण रेघोट्या, हे काय? ह ची वेलांटी ह च्या आधी यायच्या ऐवजी नंतर गेलीय आणि द च्या डोक्यावर बसलीय. "तमिळ" ची पण तीच गत. "राजस्थानी" मध्ये स चा पाय मोडलेला, जोडाक्षर झालंच नाही. आणि "मराठी" मात्र व्यवस्थित!

रेघोट्या

अगदी बरोबर पाहिलंत. संगणकात "हि" साठवताना आधी ह, मग वेलांटी असं साठवतात. ती वेलांटी उचलून ह च्या आधी दाखवणं, स्+थ चं जोडाक्षर करणं, हे काम अक्षरजुळणी करणाऱ्या वेगळ्या यंत्रणेचं. ब्राउझरकडे ती आहे, वर्डकडे आहे. तुमच्या आवृत्तीतलं मॅटप्लॉटलिबचं इंजिन अक्षरं साठवलेल्या क्रमाने एकापुढे एक मांडतं आणि मोकळं होतं. "मराठी" मध्ये पहिली वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, म्हणून वाचली. "भोजपुरी", "मगही" पण वाचतील. "छत्तीसगढी" नाही वाचणार.

म्हणून कोणी "मला तर मराठी नीट दिसतं" म्हणालं की मी आधी विचारते, कोणता शब्द लिहून पाहिला?

उपाय दोन. पहिला, एमपीएलकैरो नावाचं बॅकएंड (चित्र रंगवणारा भाग) बसवा. ते लिबरॅक्म ही अक्षरजुळणीची लायब्ररी वापरून नीट जुळणी करतं. बसवताना कधी कधी छळतं. दुसरा, जो मी वापरते: एसव्हीजी फॉन्टटाइप या सेटिंगला 'नन' द्या आणि चित्र एसव्हीजी (रेषांच्या रूपात साठवलेलं चित्र) म्हणून जतन करा. मग मॅटप्लॉटलिब अक्षरांची चित्रं न काढता मजकूर मजकूर म्हणूनच लिहितं. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा, ब्राउझर वेलांटी जागेवर आणतो, तिथूनच पीडीएफला छापा. भिंतीवर लावायचं आहे तर हेच बरं, कितीही मोठं करा, फाटणार नाही.

छापणाऱ्याला एसव्हीजी देऊ नका. त्याच्या यंत्रावर तो फॉन्ट नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. पीडीएफच द्या.

पडवळ

एवढा खटाटोप? एक्सेलमध्ये इन्सर्ट, पाय, बार ऑफ पाय. दोन मिनिटं. वेलांटीपण जागेवर. लिबरऑफिसमध्येसुद्धा २४.८ पासून आलंय.

एकच खोच आहे. हिंदी म्हणून वेगळी ओळ द्यायची नाही. बंगाली, मराठी, तेलुगू, तमिळ, इतर लिहायचं आणि खाली हिंदीचे सहा भाग. मग सांगायचं की शेवटचे सहा दुसऱ्या चित्रात टाक. ते सहा मिळून जो तुकडा होतो त्याला एक्सेल 'अदर' म्हणतं, तिथे हाताने 'हिंदी' लिहायचं.

मी आत्ता करून पाहिलं. पण निमकीताई, तुमचे टक्के चुकलेत का? माझ्याकडे भोजपुरी ४ टक्के येते. तुमच्या पद्धतीने किती?

निमकी

९.६ टक्के. थांबा, परत बघते.

५.०६ भागिले ५२.८३ = ०.०९५८. बरोबरच आहे की.

पडवळ

माझं पण बरोबर आहे. ५.०६ भागिले १२१.०९ = ४.१८.

काडीपेटी

मी तीन दिवस गप्प होतो, आता काडी टाकतोच.

तुम्ही दोघंही बरोबर आहात आणि म्हणूनच हे चित्र भिंतीवर लावण्याच्या लायकीचं नाही. एक्सेल छेदात पूर्ण भारत घेतं. गॅलरीतल्या उदाहरणात बारचा छेद म्हणजे फक्त तो फोडलेला तुकडा. दोन्ही रीती चालतात. पण ताईंच्या चित्रात डावीकडे 'मराठी ६.९%' आणि उजवीकडे एका वितीवर 'भोजपुरी ९.६%' असं छापून येणार. प्रदर्शन बघायला येणारा माणूस छेद बघत नाही, आकडा बघतो. घरी जाऊन सांगणार, भोजपुरी बोलणारे मराठीपेक्षा जास्त. प्रत्यक्षात ५.०६ कोटी आणि ८.३० कोटी.

आणि नुसता आकडाच नाही, उंचीही खोटं बोलते. बारची पूर्ण उंची पायइतकी, किंबहुना जास्तच. पण ती आहे ४३ टक्क्यांची. रेघा बारीक असतात, त्या "हे मोठं करून दाखवलंय" असं ओरडून सांगत नाहीत.

बे_एक_बे

मान्य. मी रेघांच्या नादात हे बघितलंच नाही.

टक्के काढूनच टाकू. सगळीकडे कोटी. कोटी पायमध्ये असो की बारमध्ये, कोटीच.

पायसाठी: ऑटोपीसीटीला (तुकड्यावर काय लिहायचं ते ठरवणारा पर्याय) मजकुराच्या ऐवजी फंक्शन देता येतं. दर तुकड्याला ते एकदा बोलावलं जातं. पण त्याच्या हातात मूळ आकडा पडत नाही, टक्केवारी पडते. म्हणून आत टक्के गुणिले एकूण भागिले शंभर करून कोटी परत मिळवायचे. बारसाठी बारलेबलला (थरांवर लेबल लिहिणारं फंक्शन) लेबल्सची यादी स्वतः द्यायची, 'हाइट'चे टक्के न देता. (बारलेबल मॅटप्लॉटलिबच्या ३.४ आवृत्तीपासून आहे, जुनी असेल तर आधी अद्ययावत करा.)

जाता जाता तिथेच अंकही देवनागरी करून टाका. मेकट्रान्सला (अक्षरांच्या अदलाबदलीचं कोष्टक करणारं फंक्शन) इंग्रजी शून्य ते नऊ आणि देवनागरी शून्य ते नऊ अशा दोन माळा द्यायच्या, मग ट्रान्सलेट. एका ओळीचं काम.

आणखी एक. थरांची उंची गोळाबेरीज केलेल्या टक्क्यांवरून काढू नका. तुमचे सहा आकडे एक दशांशापर्यंत घेतले तर ६१.० + ९.६ + ४.९ + ३.१ + २.४ + १९.१ = १००.१ होतात. कोटीला ५२.८३ ने भागून जे येईल तेच वापरा.

निमकी

हो, ते १००.१ मी हिशेबनीस असूनही सोडून दिलं होतं, लाज वाटली 🙈

कोटी टाकले. लगेच बरं दिसायला लागलं. बारच्या डोक्यावर "हिंदीतले ५२.८३ कोटी असे" अशी ओळ पण टाकली.

नवीन भानगड: त्या ओळीला जागा व्हावी म्हणून बारच्या बाजूचं वायलिम (उभ्या अक्षाची मर्यादा) दोनपर्यंत वाढवलं, तर बार बुटका झाला आणि वरची रेघ परत पायच्या कडेवरून जातेय.

बे_एक_बे

कारण तुमचा तुकडा प्रचंड मोठा आहे. त्याचं वरचं टोक जवळजवळ बाराच्या जागी आहे. तिथून रेघ जेमतेम आडवी निघू शकते. जास्त खाली उतरली की पायच्या फुगवट्यावरूनच जाणार. गॅलरीतला तुकडा २७ टक्क्यांचा आहे, त्याला हा त्रास कमी. बार पायपेक्षा उंच ठेवा, वायलिमला हात लावू नका. शीर्षकासाठी सेटटायटल वापरा, ते चौकटीच्या बाहेर बसतं.

आणि कनेक्शनपॅचमध्ये (दोन चौकटींना जोडणारी रेघ) कोणतं टोक कोणत्या चौकटीच्या मापात आहे ते तपासा. बारचं टोक बारच्या ट्रान्सडेटात (त्या चौकटीच्या मापात), पायचं टोक पायच्या. उलटं झालं की रेघ कागदाबाहेर. रेघ चढवायची ती दुसऱ्या चौकटीवर, कारण ती नंतर रंगते.

मालवणी_मसालो

चर्चा बरी चल्ली हा. पण आमची मालवणी खंय गेली? मराठीत की कोकणीत?

निमकी

मालवणी जनगणनेत कोकणीच्या शीर्षकाखाली आहे दादा. आणि कोकणी सगळी मिळून २२.५६ लाख, म्हणून माझ्या चित्रात 'इतर' मध्ये.

मालवणी_मसालो

म्हणजे इतरातल्या कोकणीतली मालवणी. बरां आसां. तुकडो केवढो होतलो?

बे_एक_बे

पूर्ण कोकणीचा धरला तरी ०.६७ अंश. शाईची रेघच त्याहून जाड असेल.

काडीपेटी

हा मुद्दा मालवणीदादांनी चेष्टेत काढला, पण तिथेच पायची गोम आहे.

ताई, तक्ता मराठी भाषा गौरव दिनाचा आहे ना? मग त्यात सांगण्यासारखं काय आहे? २००१ च्या जनगणनेत तेलुगू ७.१९ टक्के आणि मराठी ६.९९. तेलुगू तिसरी, मराठी चौथी. २०११ ला मराठी ६.८६, तेलुगू ६.७०. मराठी तिसऱ्या क्रमांकावर आली. दोघींचा टक्का घटला, तेलुगूचा जास्त घटला, म्हणून. आता तुमच्या पायमध्ये हे शोधून दाखवा. मराठीचा कोन २४.७ अंश, तेलुगूचा २४.१. अर्ध्या अंशाचा फरक, तोही तिरक्या तुकड्यांत. कोणाच्या बापाला दिसणार नाही.

तेच आडवे बार काढा, एका खाली एक, एकाच रेघेपासून सुरू होणारे. ८.३० आणि ८.११ चा फरक नखभर का होईना, दिसतो. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रयोग करून हेच दाखवलं होतं, की समान रेषेवरची लांबी माणूस बरी वाचतो, कोन वाचताना चुकतो. आर या संख्याशास्त्रासाठीच्या प्रोग्रामिंग भाषेच्या मदतपानावर तर पाय चार्ट ही माहिती दाखवायची फार वाईट पद्धत आहे असं स्पष्ट लिहिलंय, पाय काढायच्या फंक्शनच्याच पानावर!

पडवळ

दुकानदारानेच "आमचा माल घेऊ नका" अशी पाटी लावल्यासारखं.

अवांतर: बार चार्ट आणि पाय चार्ट दोन्ही एकाच माणसाचे, विल्यम प्लेफेअर. बार १७८६, पाय १८०१. त्याला दोन्ही हवेसे वाटले तर आपण कशाला भांडायचं?

काडीपेटी

त्याने १५ वर्षं थांबून पाय काढला यातच काय ते आलं 😄

रेघोट्या

मी थोडी पायच्या बाजूने. भिंतीवरच्या तक्त्यासमोर माणूस फार वेळ थांबत नाही. गोल दिसला की "संपूर्ण भारत" हे त्याला सांगावं लागत नाही. आडव्या बारमध्ये ते सांगावं लागतं. हिंदीचा तुकडा जवळजवळ अर्धा आहे आणि त्या अर्ध्याच्या पोटात बरंच काही आहे, एवढंच दाखवायचं असेल तर पाय आणि बारची जोडी ठीकच आहे. क्रमांक दाखवायला नाही.

निमकी

म्हणजे मी एका चित्रात दोन गोष्टी कोंबत होते.

दोन तक्ते करते. एक जोडचित्र, हिंदी फोडून. दुसरा आडवे बार, फक्त पाच भाषा, त्यात मराठीचा रंग वेगळा. काडीपेटी, तुमची काडी कामाला आली.

टिनपाट

मी तोपर्यंत हेच प्लॉटलीत (ब्राउझरमध्ये आलेख दाखवणारी दुसरी लायब्ररी) करून पाहिलं. मेकसबप्लॉट्समध्ये (चित्रं शेजारी शेजारी मांडायचं फंक्शन) डाव्या जागेचा प्रकार 'डोमेन' द्यावा लागतो, नाहीतर पाय आत घेतच नाही. आणि प्लॉटली तुकडे आपल्या मनाने मोठ्याकडून छोट्याकडे लावतं, ते सॉर्ट बंद करावं लागलं. सुरुवातही बाराच्या जागेवरून. वेलांट्या मात्र पहिल्या फटक्यात बरोबर, ब्राउझर असल्यामुळे. रेघा हाताने मोजून माराव्या लागतील, तिथे थांबलो.

निमकी

कळवायला उशीर झाला. तक्ते लागले. एसव्हीजीवरून पीडीएफ केली, "छत्तीसगढी" अगदी पाठ्यपुस्तकासारखी छापून आली. आडव्या बारसमोर लोक बोट लावून मराठी आणि तेलुगूची टोकं मोजत होते, ते बघायला मजा आली. जोडचित्रापुढे भोजपुरीचा प्रश्न कोणी काढला नाही.

पण वाचनालयाच्या एका ज्येष्ठ काकांनी विचारलंच: "दिवस मराठीचा आणि फोडलीत हिंदी? मराठीचा तुकडा फोडायचा होता."

घरी आल्यावर करून पाहिलं. बेएकबे दादांचं सूत्र, उणे १९८.३, पहिल्याच फटक्यात मराठी बारसमोर. रंग 'सी०' (पहिल्या तुकड्याचा) ऐवजी 'सी२' (तिसऱ्याचा) केला म्हणजे बार तुकड्याच्या रंगाचा झाला. पोटात राज्यं टाकली. ८.३० कोटींपैकी ७.७५ कोटी एकट्या महाराष्ट्रात. कर्नाटक साधारण २० लाख, गोवा दीड लाखाच्या वर, आणि बाकीची.

पडवळ

मग? कसं दिसतंय?

निमकी

बार नाही हो, खांब झालाय. हिरवागार एकच खांब, आणि टोकाला नखाएवढी पट्टी. त्या पट्टीत कर्नाटक, गोवा, मध्य प्रदेश, गुजरात सगळे बसवायचेत, आणि लेबल एकमेकांवर चढलीत.

काडीपेटी

महाराष्ट्र काढून टाका आणि उरलेल्यांचे आडवे बार करा.

निमकी

माहीत होतं तुम्ही हेच म्हणणार.